रक्तातील प्राणवायू : धरणे आणि सोडणे

माणूस अन्नावाचून काही आठवडे आणि पाण्यावाचून काही दिवस तग धरू शकतो. प्राणवायूवाचून मात्र त्याचा मेंदू मोजकी मिनिटेही सुरक्षित राहत नाही. शरीरातील जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशीला हा वायू रात्रंदिवस लागतो. नाकातून आत आलेला प्राणवायू पायाच्या करंगळीपर्यंत पोहोचतो कसा, आणि पोहोचल्यावर रक्त त्याला नेमके त्या ठिकाणी सोडते कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विद्यालयाच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने शरीरविज्ञानावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, या ज्ञानालाही इतिहास आहे. ते पावणेचारशे वर्षांच्या चिकाटीतून हाती आलेले आहे. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, आणि त्याविषयी आजही कुजबुजतच बोलले जाते. रक्त प्राणवायू कसे सोडते हे ज्याला नीट समजले, त्याला सिकलसेलही समजतो; आणि समजलेल्या गोष्टीची भीती निम्मी होते. म्हणून हा पाठ आम्ही माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर मांडत आहोत.

अडचण कोठे होती?

प्रथम निसर्गापुढील अडचण समजून घेऊ. प्राणवायू पाण्यात फारच थोडा विरघळतो. रक्तातील तांबड्या पेशी बाजूला काढल्या तर जो पिवळसर पातळ द्रव उरतो, त्याला रक्तद्रव म्हणतात. एक लिटर रक्तद्रवात साधारण 3 मिलिलिटर प्राणवायू विरघळून राहू शकतो. शांत बसलेल्या प्रौढ माणसाला मात्र दर मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर प्राणवायू लागतो. आता हिशेब सोपा आहे. केवळ विरघळलेल्या प्राणवायूवर भागवायचे म्हटले, तर हृदयाला मिनिटाला 80 लिटरहून अधिक रक्त फिरवावे लागेल. प्रत्यक्षात विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फिरवते. म्हणजे नुसत्या विरघळण्यावर माणूस जगूच शकला नसता.

हे कोडे सोडवले ते हिमोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनाने. हिमोग्लोबिनमुळे एक लिटर रक्तात 3 ऐवजी सुमारे 200 मिलिलिटर प्राणवायू मावतो. म्हणजे 5 लिटर रक्त मिनिटाला सुमारे 1000 मिलिलिटर प्राणवायू घेऊन निघते. त्यातील एक चतुर्थांश शरीर वापरते आणि उरलेला परत येतो. हा उरलेला साठा वाया गेलेला नसतो. धावताना, जिना चढताना, तापात तोच कामी येतो.

शोधाचा प्रवास

1628 साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी रक्त शरीरात चक्राकार फिरते हे सिद्ध केले. परंतु रोहिणीतील रक्त नीलेत कोठून जाते, हे त्यांना दिसले नव्हते. तो दुवा 1661 साली इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी यांना बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. केसाहून कितीतरी बारीक अशा त्या नलिका, म्हणजेच केशवाहिन्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लव्हाझिए यांनी श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, असे दाखवले. मात्र हे ज्वलन फुप्फुसातच होत असावे, असा त्या काळी समज होता. 1837 साली बर्लिनमध्ये गुस्ताव माग्नुस यांनी रोहिणीच्या आणि नीलेच्या रक्तातील वायू काढून मोजले. रोहिणीच्या रक्तात प्राणवायू अधिक आणि नीलेच्या रक्तात कमी, असे आढळले. याचा अर्थ असा की, प्राणवायू वाटेत, शरीराच्या ऊतींत खर्च होतो.

1864 हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी जर्मनीचे होप्पे-झायलर यांनी रक्ताला रंग देणाऱ्या पदार्थाला हिमोग्लोबिन हे नाव दिले. आणि त्याच वर्षी केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी दाखवले की, हा पदार्थ प्राणवायू घेतो तेव्हा लालभडक आणि सोडतो तेव्हा काळसर लाल होतो. घेणे आणि सोडणे या दोन अवस्था अशा रंगावरून ओळखता येऊ लागल्या.

पुढे या पदार्थाची रचना शोधण्याचे श्रेय माक्स पेरुत्झ यांच्याकडे जाते. 1914 साली व्हिएन्नात जन्मलेला हा तरुण 1936 मध्ये केंब्रिजला आला आणि पुढील वर्षी हिमोग्लोबिनच्या स्फटिकांकडे वळला. पेरुत्झ ज्यू कुळातील होते. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर ते निर्वासित झाले. 1940 साली खुद्द ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रुदेशाचे नागरिक म्हणून स्थानबद्धही केले. तरी काम सुटले नाही. सुमारे बावीस वर्षांच्या परिश्रमानंतर 1959 मध्ये हिमोग्लोबिनची रचना हाती आली आणि 1962 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासह मिळाले. एका रेणूचे रूप पाहण्यासाठी एका माणसाने आयुष्याची दोन दशके द्यावीत, हे आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चार जागांची गाडी

आता हिमोग्लोबिनकडे वळू. त्याचा एक रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो : दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या कुशीत हीम नावाचा एक चपटा घटक बसलेला असतो आणि हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. प्राणवायू बसतो तो या लोहावर. म्हणजे एका रेणूत प्राणवायूसाठी चार जागा.

एका तांबड्या पेशीत असे सुमारे 27 कोटी रेणू असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात एका वेळी सुमारे 25 लाख कोटी तांबड्या पेशी फिरत असतात. ही पेशी दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेली, तबकडीसारखी आणि अत्यंत लवचिक असते. तिचा व्यास 7 ते 8 मायक्रॉन; कित्येक केशवाहिन्या याहून अरुंद. मऊ पोळीची गुंडाळी करावी तशी ती अंग मुडपून त्यांतून पलीकडे जाते. तिचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे. विश्रांतीच्या वेळी रक्ताची एक फेरी साधारण मिनिटभरात पूर्ण होते, असे धरले तर आयुष्यभरात ती सुमारे पावणेदोन लाख फेऱ्या करते. ही लवचिकता ध्यानात ठेवावी. पुढे सिकलसेलच्या संदर्भात तिचे मोल कळेल.

फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. वायुकोशातील हवा आणि केशवाहिनीतील रक्त यांच्यामधील पडदा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. पेशी तेथून जायला एका सेकंदाहून कमी वेळ लागतो. तेवढ्यात तिच्यातील हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरते.

या भरण्यात एक खुबी आहे. रिकाम्या हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायूचा पहिला रेणू सहजासहजी बसत नाही. पण तो एकदा बसला की साखळ्यांची मांडणी किंचित सरकते आणि पुढच्यांना जागा मिळणे सोपे होत जाते. उतरतानाही तसेच : एक उतरला की दुसऱ्याचे उतरणे सोपे. चारही साखळ्या एकमेकींच्या हालचालीला प्रतिसाद देतात. 1938 साली फेलिक्स हाउरोविट्झ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की, प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनच्या स्फटिकाला हवा लागताच तो स्फटिक मोडून त्याचे रूप पालटते. प्राणवायूच्या येण्याने संपूर्ण रेणूच आपली बैठक बदलतो, याचा तो डोळ्यांदेखतचा पुरावा होता.

सोडण्याची कला

आगारात एस.टी. भरली, दारे लागली, गाडी सुटली. परंतु वाटेतल्या एकाही गावी प्रवाशांना उतरताच आले नाही, तर त्या गाडीचा उपयोग काय? हिमोग्लोबिनचेही तसेच आहे. प्राणवायू घट्ट धरून ठेवणारा पदार्थ निसर्गात दुर्मीळ नाही. आपल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे हिमोग्लोबिनचेच एका साखळीचे भावंड; ते प्राणवायू इतका घट्ट धरते की वाहतुकीला ते निरुपयोगी ठरले असते. हिमोग्लोबिनचे मोठेपण सोडण्यात आहे.

मग कोठे सोडायचे, हे त्याला कळते कसे? त्याला मन नाही. त्याच्याभोवतीची परिस्थितीच ते ठरवते. पहिली बाब म्हणजे प्राणवायूचा दाब. वायुकोशांत तो पाऱ्याच्या सुमारे 100 मिलिमीटर इतका असतो आणि तेथे हिमोग्लोबिन 97 ते 98 टक्के भरलेले असते. विश्रांती घेत असलेल्या ऊतींत हाच दाब 40 च्या आसपास उतरतो आणि भरलेपण 75 टक्क्यांवर येते. चार प्रवाशांपैकी सरासरी एक उतरला. जोराने काम करणाऱ्या स्नायूत दाब 20 पर्यंत घसरला, तर भरलेपण साधारण 35 टक्क्यांपर्यंत खाली येते. दाब 100 वरून 40 वर आला तेव्हा जेमतेम एक उतरला होता. पुढे केवळ 20 ने उतरताच दीडहून अधिक उतरले. जेथे चणचण अधिक, तेथे सोडणे अधिक. पंगतीत ताट रिकामे दिसेल तेथे जाणता वाढपी आपसूक वळतो, तसे हे आहे.

दुसरी बाब 1904 साली कोपनहेगन येथे क्रिस्टियान बोर यांनी कार्ल हासेलबाल्ख आणि ऑगस्ट क्रोग या सहकाऱ्यांसह शोधली. क्रिस्टियान हे अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची प्राणवायूवरील पकड सैल होते, असे त्यांना आढळले. काम करणारी पेशी कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, त्याने आसपासची आम्लता वाढते. शिवाय तेथे उष्णताही निर्माण होते. कार्बन डायऑक्साइड, आम्लता आणि उष्णता या तिन्हींमुळे पकड सुटते. श्रमाच्या खुणाच श्रमणाऱ्याला प्राणवायू मिळवून देतात. फुप्फुसात परतल्यावर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे निघून जातो आणि पकड पुन्हा घट्ट होते. हा परतीचा वायू मुख्यत्वे बायकार्बोनेटच्या रूपाने रक्तात प्रवास करतो. काही भाग हिमोग्लोबिनलाच चिकटून येतो.

तिसरी बाब म्हणजे तांबड्या पेशीतच तयार होणारे डीपीजी या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक रसायन. हिमोग्लोबिनवरील त्याचा परिणाम 1967 मध्ये उलगडला. ते हिमोग्लोबिनच्या मधल्या पोकळीत पाचर मारावी तसे बसते आणि प्राणवायू सोडण्यास मदत करते. उंच डोंगरावर गेलेल्या माणसात आणि रक्तक्षय झालेल्या माणसात त्याचे प्रमाण वाढते. रक्त कमी असूनही काही स्त्रिया दिवसभर राबताना दिसतात, त्यामागे शरीराची ही तडजोड असते; तिला तब्येत ठणठणीत असल्याचे लक्षण समजू नये.

आईच्या पोटातील बाळाचे हिमोग्लोबिन थोडे निराळे असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि ही पाचर त्यात नीट बसत नाही. त्यामुळे बाळाचे रक्त आईच्या रक्ताकडून वारेतून प्राणवायू ओढून घेऊ शकते. जन्मानंतर काही महिन्यांत हे हिमोग्लोबिन कमी होत जाऊन त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते.

घरोघरी उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी

कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. भरलेले आणि रिकामे हिमोग्लोबिन लाल व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्यावरून ते यंत्र टक्केवारी काढते. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास ही पद्धत शोधली. परंतु हे यंत्र सांगते ते केवळ गाड्या किती भरल्या आहेत एवढेच. गाड्या किती आहेत हे ते सांगत नाही. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन 14 ऐवजी 7 आहे, तिच्या बोटावरही ते 98 दाखवील; प्रत्यक्षात तिच्या रक्तात प्राणवायू निम्माच असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 पेक्षा आणि गरोदर स्त्रीचे 11 पेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजला जातो. वर्गात डुलक्या घेणाऱ्या, पायऱ्या चढताना धापा टाकणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्यापूर्वी तिचे रक्त तपासावे.

दुसरी गोष्ट कोळशाच्या शेगडीची. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हिमोग्लोबिनची त्याच्यावरील पकड प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. तो जागा अडवून बसतो आणि उरलेल्या प्राणवायूलाही नीट उतरू देत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवून झोपणे म्हणजे मृत्यूला घरात घेणे होय.

सोडल्यानंतर वाकणारी पेशी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. 1910 साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडाहून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून सिकलसेल. 1927 मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की, या पेशी प्राणवायू कमी झाला की वाकतात आणि तो परत मिळाला की पुष्कळदा सरळ होतात. 1945 साली डॉक्टर विल्यम कॅसल यांच्या बोलण्यातून ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या कानी आली, आणि दोष हिमोग्लोबिनमध्येच असला पाहिजे, हे त्यांनी ताडले. 1949 मध्ये पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सिद्धही केले. 1956 मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी दोषाची जात शोधली आणि लवकरच त्याची नेमकी जागाही निश्चित झाली : बीटा साखळीच्या 146 ॲमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. संपूर्ण साखळीत फरक एवढाच.

हा एवढासा फरक छळतो केव्हा? हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले असते तेव्हा काहीच घडत नाही. त्याने प्राणवायू सोडला, बैठक बदलली, की त्याच्या अंगावर एक खोबण उघडी पडते आणि शेजारच्या रेणूचे व्हॅलीन तीत बरोबर अडकते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशा लांब दोऱ्या तयार होतात आणि मऊ पेशी ताठ, वाकडी होते. म्हणजे देण्याचे काम पार पाडल्यानंतरच या पेशीवर संकट येते.

मात्र दोऱ्या जुळायला थोडा वेळ लागतो. केशवाहिनी ओलांडून जायला पेशीला सेकंदभर पुरतो. त्या अवधीत ती पलीकडे निघून गेली तर फुप्फुसात पुन्हा प्राणवायू घेऊन सावरते. रक्त रेंगाळले, तर मात्र ती वाटेतच वाकते, अडकते, मागच्यांचीही वाट अडवते. पुढच्या ऊतींचा प्राणवायू तुटतो आणि असह्य वेदना सुरू होतात. हातपाय, पाठ, छाती, पोट यांत कोठेही ही कळ उठते. आता डॉक्टरांच्या सूचनांमागील कारण ध्यानात येईल. पाणी कमी प्यायल्याने पेशीतील हिमोग्लोबिन दाट होते आणि दोऱ्या लवकर जुळतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त रेंगाळते. ताप, जंतुसंसर्ग, अतिश्रम, उंच ठिकाणची विरळ हवा यांनीही तेच घडते. पुन्हापुन्हा वाकलेली पेशी अखेर सरळ होत नाही. 120 दिवसांऐवजी 10 ते 20 दिवसांतच ती नष्ट होते. रक्तक्षय आणि डोळ्यांतील पिवळेपणा येतो तो यामुळे.

बाळ पहिले काही महिने या त्रासापासून बरेचसे सुरक्षित असते, कारण गर्भातील हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीच नसते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते; त्यामुळे वेदनांचे झटके कमी होतात. अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते.

हा आजार आपल्याकडे का?

भारतात सिकलसेलची नोंद प्रथम 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा अहवाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पुढील पाहण्यांत गोंड, माडिया, परधान इत्यादी आदिवासी जमाती, पूर्वाश्रमीचे महार म्हणजे आजचे बौद्ध, आणि काही प्रमाणात इतर समाज यांतही हा आजार आढळला.

यावरून काही जण या आजारावर अमुक समाजाचा असा शिक्का मारतात. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्ही हा शिक्का नाकारतो. 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या अँथनी ॲलिसन यांनी दाखवले की, सिकलसेलचा एकच दोषी जनुक ज्याच्याकडे आहे, अशा वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. जेथे पिढ्यान्पिढ्या हिवताप होता, तेथे वाहक मुले अधिक जगली आणि जनुक टिकून राहिला. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा किनारा, अरबस्तान आणि मध्य भारताचा जंगलपट्टा, सर्वत्र कथा हीच आहे. याचे कारण भूगोलात आणि डासांत आहे. कोणाच्या कर्मात, पापात वा कुळात नाही. बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात रक्तशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद खोडून काढला होता. सूक्ष्मदर्शक आणि रसायनशाळा यांनीही तेच सांगितले आहे. रक्ताचे गुण हवापाणी, आजार आणि वंशपरंपरेतील योगायोग यांनी घडतात; त्यावर उच्चनीचतेची मोहर कोठेही उमटलेली नसते.

आपण काय करावे?

कारण कळले की उपायाची वाट दिसते, ही तथागतांची शिकवण आपल्या घरात नवी नाही. तिला धरून काही गोष्टी पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगाव्याशा वाटतात.

एक, तपासणी करून घ्यावी. केंद्र शासनाचे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले असून 2047 पर्यंत हा आजार आटोक्यात आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. बोटाच्या थेंबभर रक्ताची द्राव्यता चाचणी केली जाते. ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीने व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे निश्चित होते. वाहकास एएस, रुग्णास एसएस आणि दोष नसलेल्यास एए असे लिहितात. पहिल्याच चाचणीवर विसंबून कोणालाही रुग्ण ठरवू नये.

दोन, वाहक हा रुग्ण नव्हे. त्याच्या पेशींत चांगले हिमोग्लोबिनही पुरेसे असते. तो सामान्य माणसासारखेच जीवन जगतो. मात्र दोघेही वाहक असलेल्यांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब येथे चालत नाही. दर वेळी शक्यता तीच. वाहक आणि निर्दोष व्यक्ती यांच्या अपत्यांना हा आजार होत नाही. आपण लग्न जमवताना पत्रिका पाहणे सोडले. त्या जागी रक्ताचा अहवाल पाहणे सुरू करावे. त्यातून एखाद्या मुलीचे लग्न मोडावे, हा हेतू नाही. दोघेही वाहक असतील तर त्यांनी समुपदेशकाशी बोलून, गर्भावस्थेतील निदानाची सोय समजून घेऊन, डोळसपणे निर्णय घ्यावा. वाहकपण आई आणि वडील या दोघांकडूनही येते. म्हणून रुग्ण मुलाचा दोष एकट्या सुनेवर टाकणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे.

तीन, वसतिगृहात पाठवताना मुलाचा अहवाल लपवू नये. ज्या मुलाविषयी अधीक्षकांना आणि शिक्षकांना माहीत आहे, त्याच्या दप्तरात पाण्याची बाटली राहते, हिवाळ्यात त्याला गरम पाणी आणि स्वेटर मिळतो, कवायतीत थांबण्याची मुभा मिळते, ताप येताच त्याला दवाखान्यात नेले जाते. ज्याच्याविषयी लपवले, त्याची कळ नाटक समजली जाते. छातीत दुखणे, श्वास लागणे, तीव्र ताप, अचानक फिकेपणा किंवा हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

चार, सिकलसेलच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. त्याचा रक्तक्षय बहुधा लोहाच्या कमतरतेचा नसतो. उलट साध्या रक्तक्षयात लोहच हवे असते. कडधान्ये, पालेभाज्या, अळीव, आणि जे खातात त्यांना मांस-काळीज, यांतून ते मिळते. जेवणात लिंबू असावे आणि जेवणानंतर लगेच चहा नसावा, म्हणजे लोह अंगी लागते.

पाच, 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश झाला आहे. पात्र रुग्णांनी प्रमाणपत्र घेऊन आपला हक्क मिळवावा. हक्क मागण्यात लाज कसली?

समारोप

फुप्फुसात भरलेला प्राणवायू जर रक्ताने स्वतःपाशीच ठेवला असता, तर भरपूर साठा असूनही शरीर गुदमरले असते. ज्ञानाचेही असेच आहे. या विद्यालयाने गेल्या अनेक वर्षांत खेड्यापाड्यांतील मुलांना शिकवून डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ, शिक्षक म्हणून उभे केले. त्यांनी येथे जे घेतले, ते जेथे चणचण आहे तेथे सोडावे, एवढीच अपेक्षा आहे. आपल्या गावच्या विहारात वर्षातून एक दिवस सिकलसेल तपासणीचे शिबिर भरवणे, पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर दहा मिनिटे या आजाराविषयी बोलणे, लग्न ठरवणाऱ्या घरात जाऊन अहवालाची आठवण करून देणे, ही कामे आपल्या आवाक्यातील आहेत. ज्या वस्तीत एकही आई आपल्या लेकराची कळ शेजाऱ्यांपासून लपवणार नाही, त्या वस्तीत या पाठाचा अभ्यास पूर्ण झाला असे आम्ही समजू.